आग उमापुरी, बंब गेवराईत

दसरा सरला की गेवराई तालुक्यातल्या घरांत कापूस यायला लागतो. पहिली वेचणी, दुसरी वेचणी. ओसरीवर, पत्र्याच्या शेडमध्ये, पोरांच्या अभ्यासाच्या खोलीत, जिथं जागा मिळेल तिथं ढीग लागतात. भाव पडलेला असेल तर हे ढीग होळीपर्यंत जागचे हलत नाहीत. २०२१-२२ च्या हंगामात क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलेला भाव लोकांनी पाहिला होता. पुढच्या वर्षी तो पुन्हा येईल या आशेवर हजारो शेतकऱ्यांनी कापूस घरात दाबून ठेवला. भाव आला नाही. घरातल्यांच्या अंगाला खाज सुटल्याच्या तक्रारी झाल्या, तरी कापूस हलला नाही. ज्या खोलीत कापूस त्याच खोलीत मोबाइलचा चार्जर, शेजारी गॅसची शेगडी, देवघरात तेवता दिवा. आणि दिवाळीत तर दारात पणत्या नि अंगणात फटाके.

कापसाची आग फसवी असते. वरचा जाळ पाण्याने बसतो, पण ढिगाच्या पोटात ती धुमसत राहते आणि दोन-चार तासांनी दुसऱ्या बाजूने तोंड काढते. त्यामुळे ढीग फोडावा लागतो, पसरावा लागतो, थर न् थर भिजवावा लागतो. त्याला माणसं लागतात, पाणी लागतं आणि धीर लागतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन या जहाजावर हेच झालं होतं. एकाच जहाजात दारूगोळा आणि कापसाच्या गाठी भरल्या होत्या. आग गाठींत लागली, आत धुमसत राहिली, ती कुठं आहे हे कळेपर्यंत वेळ गेला आणि मग जहाजच उडालं. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. आपल्याकडे १४ एप्रिलला अग्निशमन दिन पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. त्या दिवशी बाबासाहेबांची जयंतीही असते, त्यामुळे गावाकडे हा दुसरा दिवस कुणाच्या ध्यानात नसतो.

उमापूर हे गेवराईच्या पश्चिमेचं, महसूल मंडळाचं गाव. उत्तरेला गोदावरी, आणखी पश्चिमेला गेलं की अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातला शेवगाव तालुका. कापूस, ऊस, कडब्याच्या गंज्या, जनावरांचे गोठे, किराणा-कापडाची दुकानं, शाळा. पेटू शकेल असं सगळं गावात आहे. विझवणारं काय आहे, असं विचारलं तर उत्तर गेवराईकडे बोट दाखवतं. बंब तिथं, नगरपालिकेच्या आवारात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही म्हण आपण कारभाराच्या गोंधळासाठी वापरतो. इथं ती भूगोलाचं साधं वर्णन आहे.

हा भूगोल कुणी मुद्दाम रचलेला नाही. तो कायद्यातून आलेला आहे. १९९२ साली घटनेत ७३ वी आणि ७४ वी दुरुस्ती झाली. गावांसाठी अकरावी अनुसूची आली, शहरांसाठी बारावी. बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे द्यायच्या १८ विषयांत अग्निशमन सेवा स्पष्ट लिहिलेली आहे. अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. शेती, पाटबंधारे, कुक्कुटपालन, वाचनालयं, बाजार: जत्रेच्या यादीत शोभावं असं सगळं. अग्निशमन त्यात नाही. राज्याच्या कायद्यांतही हीच तऱ्हा. १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात आग विझवणं आणि आगीच्या वेळी जीवित-वित्ताचं रक्षण करणं हे नगरपालिकेचं बंधनकारक काम आहे, पण तिच्या हद्दीत. ग्रामपंचायत अधिनियमाच्या अनुसूचीत आगीचा उल्लेख येतो तो आग विझवायला मदत करण्यापुरता. मदत करायची म्हणजे मुख्य काम करणारा दुसरा कुणीतरी असायला हवा. तो कोण, याबद्दल कायदा गप्प आहे.

म्हणून उमापूरला बंब येतो तो हक्काने येत नाही, शेजारधर्माने येतो. गेवराईची गाडी हद्दीबाहेरच्या वर्दीवर जाते आणि तिच्यावरची माणसं जीव टाकून काम करतात, याबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. हद्दीबाहेरच्या कामाला नगरपालिका शुल्क आकारू शकते, तेही समजण्यासारखं आहे. डिझेल, पगार, होज पाइप यांचा खर्च शहराच्या करातून होतो. अडचण वेगळीच आहे. ती गाडी नादुरुस्त पडली, चालक रात्रपाळीला नसला, गाडीवर चार माणसांऐवजी दोन असली, तर त्याचा जाब विचारायचा अधिकार गेवराईच्या मतदाराला आहे. उमापूरचा माणूस गेवराईच्या नगरसेवकाला मत देत नाही. तो ज्यांना मत देतो, त्या ग्रामपंचायत सदस्यांकडे आणि जिल्हा परिषद सदस्याकडे बंब नाही. सेवा एकाकडून घ्यायची आणि मत दुसऱ्याला द्यायचं, अशी ही व्यवस्था आहे. ग्रामीण महाराष्ट्रातल्या अग्निसुरक्षेचं खरं दुखणं मला इथं दिसतं. गाड्यांची टंचाई हा त्याचा दुसरा भाग.

टंचाई आहेच. केंद्रीय गृहमंत्रालयाने २०१०-१२ च्या सुमारास देशभरातल्या अग्निशमन सेवेचा एक मोठा अभ्यास करवून घेतला. गरजेच्या मानाने देशात अग्निशमन केंद्रांची तूट ९७ टक्क्यांहून जास्त निघाली. हा आकडा इतका मोठा आहे की तो वाचून माणूस घाबरत नाही, उलट सुटल्यासारखं वाटतं: आपल्याकडेच नाही असं नाही, कुणाकडेच नाही. अशा आकड्यांचा सरकारी कार्यालयांना फार उपयोग होतो.

त्यापेक्षा एक छोटा हिशेब उमापूरच्या कामाचा आहे. गृहमंत्रालयाच्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीने वर्दी मिळाल्यापासून गाडी पोचण्याची वेळ ठरवून दिली आहे. शहरात पाच ते सात मिनिटं, ग्रामीण भागात वीस. पाण्याने भरलेली जड गाडी आपल्या तालुक्याच्या रस्त्यावर, गावं, बैलगाड्या, उसाचे ट्रॅक्टर चुकवत सरासरी चाळीसच्या वेगाने पळाली तरी फार झालं. म्हणजे वीस मिनिटांत तेरा किलोमीटर. नकाशावर गेवराई मध्यभागी धरून तेरा किलोमीटरचं वर्तुळ काढावं. उमापूर त्याच्या बाहेर राहतं. तालुक्यातलं चकलांबाही बाहेर राहतं. म्हणजे चालक जागा होता, गाडी सुरू झाली, रस्ता मोकळा मिळाला, सगळं नीट झालं, तरी या गावांना ठरलेल्या वेळेत गाडी पोचू शकत नाही. यात कुणाचा हलगर्जीपणा नाही. साधं गणित आहे, आणि ते आग लागण्याआधी मांडता येतं. सुरक्षेचा आराखडा म्हणजे दुसरं काय असतं?

गाडी पोचल्यानंतरचा हिशेब आणखी बारकाईने करायला हवा, कारण तो गावालाच करता येण्यासारखा आहे. लहान शहरांतल्या बंबात साधारण साडेचार-पाच हजार लिटर पाणी असतं. एक पाइप लावून मिनिटाला साडेचारशे लिटर सोडलं तर दहा-अकरा मिनिटं पुरतं. कापसाच्या ढिगाला किंवा कडब्याच्या गंजीला दहा मिनिटांनी काही होत नाही. मग गाडी भरायची कुठं? जवळच्या विहिरीवर किंवा बोअरवर. तिथली मोटर चालायला थ्री फेज वीज हवी, आणि शेतीची थ्री फेज पाळीने येते: काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री. म्हणजे आग दुपारी लागली आणि त्या आठवड्यात पाळी रात्रीची असली, तर विहिरीत पाणी असून बंब रिकामा उभा. वरून बीड जिल्हा. ज्या वर्षी मेमध्ये प्यायलाच टँकर लागतात, त्या वर्षी विहिरीला तळ दिसतो. गावाच्या शिवारात बारमाही पाणी कुठं आहे, तिथं दहा टनांची गाडी वळू शकते का, मोटरची फेज कुणी सुरू करून द्यायची, हे गेवराईच्या फायरमनला रात्री दोन वाजता फोनवर विचारून कळणार नाही. ते आधी कागदावर असायला हवं, आणि ते कागदावर आणायचं ज्ञान फक्त गावाकडे आहे.

ऊस पेटतो तेव्हा या सगळ्या दुबळ्या जागा उघड्या पडतात. गळिताच्या हंगामात लोंबकळणाऱ्या तारा वाऱ्याने एकमेकींना घासतात, ठिणगी पाचटावर पडते आणि बघता बघता एकरांचा फड जातो. शेतकऱ्याचा पहिला फोन लाइनमनला जातो, बंबाला नाही. आणि ते बरोबर आहे, कारण लाइन चालू असताना पाणी मारणं म्हणजे मरण. दुसरा फोन शेजाऱ्यांना. ट्रॅक्टरला जोडलेले फवारणीचे ब्लोअर येतात, रोटाव्हेटर फिरवून मधला पट्टा मोकळा करतात, ओल्या बारदानाने कडेचा जाळ झोडपतात. अनेक साखर कारखाने स्वतःची अग्निशमन गाडी ठेवतात आणि ती पंचक्रोशीत धावतेही. नंतर तलाठ्याचा पंचनामा, विद्युत निरीक्षकाचा अहवाल, महावितरणकडे भरपाईचा अर्ज. जळीत ऊस तोडायला टोळी मिळवणं, मिळालीच तर वजन आणि दरातली कपात सोसणं. ऊस जळाल्याच्या बातम्या स्थानिक पानावर रोज असतात म्हणून त्यांची बातमी होत नाही.

या जिल्ह्याची आणखी एक आग आहे, ती लागते जिल्ह्याबाहेर. दिवाळी झाली की बीडचे ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पाचट-चटईच्या कोपीत चूल पेटते आणि त्याच कोपीत लेकरं झोपतात. या कोप्या जळाल्या तर कुठल्या आराखड्यात बसतात? कारखान्याच्या, तिथल्या ग्रामपंचायतीच्या, की मुकादमाच्या? माणसं बीडची म्हणून बीडच्या? एकाच्याही नाही. भरपाईचं म्हणाल तर केंद्राच्या आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ साठीच्या दरांत झोपडीला ८ हजार रुपये होते, घराला लागून असलेल्या गोठ्याला ३ हजार, दुभत्या म्हशीला ३७ हजार ५००. मजुराने मुकादमाकडून घेतलेली उचल याच्या किती तरी पट असते.

अग्निशमन दल म्हणजे फक्त आग, असंही आता राहिलेलं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जायकवाडीतून पाणी सुटलं, गोदावरी पात्राबाहेर आली आणि गेवराई तालुक्यातल्या नदीकाठच्या लोकांना हलवावं लागलं. तेव्हा लागली ती बोट, लाइफ जॅकेट, दोर आणि पोहणारी माणसं. एरवी वर्षभर विहिरी आहेतच. कुणी पडलं की गावातली पोरं बाज दोराला बांधून खाली सोडतात. गाळ काढायला उतरलेला एक जण खाली बेशुद्ध पडला, त्याला काढायला दुसरा उतरला, दुसऱ्यासाठी तिसरा, अशा बातम्या मराठवाड्यात दर दोन-तीन वर्षांनी येतात. विषारी वायू असलेल्या विहिरीत श्वसनयंत्राशिवाय उतरायचं नसतं, एवढं एक वाक्य ग्रामपंचायतीच्या फळ्यावर असतं तर त्यातले काही जण वाचले असते.

आता आराखड्याकडे येऊ. तो कायद्याने असायला हवा, आणि कायदा चांगला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने महाराष्ट्राला आपत्तीचं नियोजन शिकवलं. जिल्हा पातळीवर नियंत्रण कक्ष आणि आराखडे ही कल्पना इथं देशाच्या कायद्याआधी रुजली. मग २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण असतं. जिल्हाधिकारी अध्यक्ष असतात आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. जिल्ह्याचा आराखडा स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून बनवायचा, असं कलम ३१ सांगतं, आणि स्थानिक संस्थांच्या व्याख्येत पंचायत राज संस्थाही येतात. आराखड्याचा दरवर्षी आढावा घ्यायचा. त्यात धोक्याच्या जागा, कोणी काय करायचं, साधनं कुठून आणायची, लोकांना कसं कळवायचं हे सगळं असायला हवं. म्हणजे उमापूरच्या ग्रामपंचायतीला विचारणं हा उपकार नाही, कायद्याची पायरी आहे. ही पायरी बहुतेक वेळा एका छापील तक्त्यावर उरकते. ग्रामसेवकाने सरपंचाचा, पोलीस पाटलाचा, पोहणाऱ्यांचा मोबाइल नंबर भरून वर पाठवायचा. त्यातले निम्मे नंबर पुढच्या निवडणुकीपर्यंत बदललेले असतात.

आणि लोकांच्या वतीने विचारायला जो माणूस त्या प्राधिकरणात बसायचा, त्याची खुर्चीच वर्षानुवर्षं रिकामी होती. बीड जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आला. नगरपालिकांचंही तेच. गेवराईसह राज्यातल्या नगरपरिषदांच्या निवडणुका ओबीसी आरक्षणाच्या आणि प्रभागरचनेच्या वादात अडकल्या, त्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. मधली वर्षं बंबाचा मालक प्रशासक, आराखड्याचा मालक जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष म्हणून जो निवडून आलेला माणूस असायचा, तो नाही. दोन-तीन अतिवृष्ट्या, दुष्काळ, सगळं याच काळात येऊन गेलं. निवडणुका लांबल्या की रस्ते-गटारं अडतात एवढंच आपण धरून चालतो. सुरक्षेच्या कारभारावरची देखरेखही तेव्हाच थांबते, हे कुणी बोललं नाही.

याच काळात बीड जिल्ह्याने ३० ऑक्टोबर २०२३ पाहिला. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात माजलगावला आमदारांचं घर पेटलं, नगरपालिकेची इमारत पेटली, आणि त्याच दिवशी बीड शहरात नेत्यांची घरं नि पक्षाचं कार्यालय जळलं. तो दिवस कुणी का आणला, हा वेगळ्या लेखाचा विषय. इथं एवढंच, की बंब ज्या संस्थेच्या ताब्यात असतो तिचीच इमारत जळू शकते, आणि एकाच दिवशी चार-पाच ठिकाणी गाड्या लागू शकतात. अशा दिवशी उमापुरात गोठा पेटला तर गाडी गेवराईची, पैठणची की शेवगावची? जिल्ह्याची हद्द ओलांडून मदत मागायची तर फोन कोणी कुणाला करायचा? ज्या आराखड्यात याचं उत्तर नाही, तो आराखडा नाही.

तपासणी झाली म्हणजे सुरक्षा झाली, या समजाची किंमत आपण शेजारीच पाहिली आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागून १० बाळं गेली. राज्यभर रुग्णालयांच्या फायर ऑडिटचा आदेश निघाला. एप्रिलमध्ये विरारच्या रुग्णालयात पुन्हा आग, पुन्हा मृत्यू. ६ नोव्हेंबरला, भाऊबीजेच्या दिवशी, उमापूरच्या शेजारच्या जिल्ह्यात, नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या कोविड अतिदक्षता विभागात आग लागली आणि ११ रुग्ण दगावले. तिथलं ऑडिट झालं होतं. त्यात निघालेल्या त्रुटी दूर करायचं काम कागदावर होतं. ऑडिटचा अहवाल रुग्णालयाच्या दारावर लावलेला असता, तर भरती करणाऱ्या नातेवाइकाने निदान विचारलं असतं. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीच्या मालकाने दर जानेवारीत आणि जुलैत आगरोधक यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. हे प्रमाणपत्र कार्यालयात जातं आणि कार्यालयातच राहतं. १८ मे २०२५ ला सोलापूरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली, आठ जण गेले. त्या प्रमाणपत्राची आठवण राज्याला पुन्हा झाली, नेहमीसारखी आठवडाभर.

इंग्लंडमध्ये आराखड्याच्या कागदाचं काय करतात, ते पाहण्यासारखं आहे. २००४ च्या कायद्यानंतर तिथल्या प्रत्येक अग्निशमन प्राधिकरणाने आपल्या भागातल्या धोक्यांचा आराखडा लिहून प्रसिद्ध करायचा असतो. कुठलं केंद्र ठेवणार, कुठली गाडी हलवणार, रात्री किती माणसं, हे त्यात असतं. मसुदा आधी लोकांपुढे ठेवतात, हरकती मागवतात, आणि स्थानिक लोकप्रतिनिधी तो मंजूर करतात. इंग्लंडमध्ये २०१८ पासून स्वतंत्र निरीक्षक प्रत्येक दलाला शेरा देतात आणि तो जाहीर होतो. गावातलं केंद्र बंद करायचा घाट घातला तर लोक सभागृह भरून टाकतात. पण म्हणून तिथं सगळं आलबेल आहे असं समजू नये. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमधल्या रहिवाशांच्या गटाने नोव्हेंबर २०१६ मध्येच लिहून ठेवलं होतं की इथं मोठी दुर्घटना झाल्याशिवाय कुणी ऐकणार नाही. १४ जून २०१७ च्या रात्री ती इमारत जळाली, ७२ माणसं गेली. लोकांना बोलू दिलं होतं, ऐकलं नव्हतं. चौकशी समितीचा अंतिम अहवाल यायला २०२४ चा सप्टेंबर उजाडला.

इतकं लांब जायचीही गरज नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात अग्निशमन आणि आपत्कालीन सेवा हे राज्य सरकारचं खातं आहे. डिचोली, वाळपई, पेडणे इथल्या केंद्रांतून गाडी गावात जाते, आणि गाव नगरपालिकेच्या हद्दीत आहे का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. माड कोसळला, गाय विहिरीत पडली, तरी दलाला फोन जातो. आमदार विधानसभेत त्या खात्याच्या मंत्र्याला जाब विचारू शकतो. गोवा लहान, महाराष्ट्र अवाढव्य, हे मान्य. पण तमिळनाडू, कर्नाटक, केरळ ही राज्यं गोव्याएवढी लहान नाहीत, आणि तिथंही हे दल राज्याचंच आहे. महाराष्ट्रात अग्निशमन संचालनालय आहे, मुंबईत कलिन्याला प्रशिक्षणाची अकादमी आहे, पण गाड्या आणि माणसं ज्या त्या पालिकेची. केंद्राने २०२३ मध्ये अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी पाच हजार कोटींची योजना जाहीर केली. त्यातला किती पैसा पालिकांच्या हद्दीबाहेरच्या गावांसाठी धरला जातो, हा प्रश्न बीडच्या लोकप्रतिनिधींनी विधानसभेत आणि जिल्हा नियोजन समितीत विचारायला हवा. माझं मत विचाराल तर अग्निशमन हा विषय तालुक्याच्या पातळीवर राज्याने घ्यावा, आणि तेरा किलोमीटरच्या वर्तुळाबाहेरच्या मंडळाच्या गावांना एकेक लहान गाडी आणि चार शिकलेली माणसं द्यावीत. साधी जीप, मागे पाचशे लिटरची टाकी, पंप आणि दोर. मोठा बंब येईपर्यंत आग गोठ्याच्या बाहेर जाऊ न देणं एवढंच त्यांचं काम.

तोवर गावाच्या हातात काय आहे? वाटतं त्यापेक्षा जास्त. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहाराचा गॅस आहे. १६ जुलै २००४ ला तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातून आग पसरून ९४ मुलं गेली, आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या शाळांना अग्निसुरक्षेचे आदेश दिले. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. भिंतीवरच्या लाल नळकांड्याची तारीख संपली का, सिलिंडर वर्गापासून किती लांब आहे, हे बघायला त्यांना कुणाची परवानगी लागत नाही. तसंच आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीचं. अनेक गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे; एका फोनवर सगळ्या गावाला आवाज जातो. चोर आणि बिबट्यासाठी ती वापरतात, आगीसाठीही वापरता येते. १०१ फिरवल्यावर फोन नेमका कुठं वाजतो, हे एकदा दुपारच्या वेळी करून पाहावं. कळलेलं बरं.

आणि माहिती मागावी. गेवराई नगरपालिकेच्या गाडीचं वर्दी रजिस्टर हा सार्वजनिक कागद आहे. गेल्या तीन वर्षांत उमापूर मंडळातून किती वर्द्या आल्या, निघायला किती वेळ लागला, पोचायला किती, गाडी किती दिवस नादुरुस्त होती, हे माहिती अधिकारात तीस दिवसांत मिळायला हवं. जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यातली उमापूरची पानंही मागावीत. ती कोरी निघाली तर तीही माहितीच आहे. यात गेवराईच्या माणसांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. उलट आपल्याकडे गाडी एक आणि वर्द्या किती, हे आकडे बाहेर आले तर दुसऱ्या गाडीची मागणी त्यांनाही जोराने करता येईल.

ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हायला हव्यात. प्रथेप्रमाणे त्यातली एक २६ जानेवारीला. झेंडावंदन झालं, लाडू वाटले की बहुतेक जण घरी जातात आणि ठराव नंतर लिहिला जातो. पुढच्या वेळी थांबावं. विषयपत्रिकेवर गावाचा अग्निसुरक्षा आराखडा हा विषय घ्या, असा अर्ज उमापूरच्या किंवा तुमच्या गावच्या ग्रामसेवकाकडे आठवडाभर आधी द्यावा. पाण्याच्या जागा, फेज सुरू करून देणारा माणूस, गाडी वळण्याची जागा, कापूस कुठं साठवायचा नाही आणि मदतीला कुठल्या तीन ठिकाणी फोन करायचा, एवढं त्या ठरावात आलं पाहिजे, आणि त्याची प्रत तहसीलदारांमार्फत जिल्हा प्राधिकरणाकडे गेली पाहिजे. अर्ज एका पानाचा पुरतो. त्याची पोच मात्र सही-शिक्क्यानिशी घ्यावी.